तेवीस वाचक

३ नोव्हेंबर २००३, सोमवार. सुट्टी.
करर्, करर्, करर्. लोखंडी लेखणीची मेणकागदावरची ती करकर आज पहाटे पुन्हा कानात आली. डोंगरातली आमची शाळा. चौतीस मुलांच्या कविता मी रात्ररात्र मेणकागदावर कोरायचो आणि सकाळी शाईचा रोलर फिरवून छापायचो. शाळा केव्हाच बंद झाली. छापील कागद उरलेत, पण शाई उडत चालली आहे. पूर्ण उडायच्या आत त्या कविता कुणीतरी वाचायला हव्यात. त्यासाठी स्वतःचा सर्व्हर उभारणार. संगणकप्रणाली फ्रीबीएसडी. फुकट आणि सर्वांसाठी खुली. पुस्तक आणलं आहे, आठशे पानं, सोबत सीडी.
संकल्प : रोज पाच कविता टाइप करणे. रविवारपर्यंत चौतीस.

५ नोव्हेंबर.
'सगळी डिस्क वापरायची का?' असं यंत्राने विचारलं. सढळ मनाने हो म्हटलं. आधी टाइप केलेल्या अकरा कविता त्याच डिस्कवर होत्या. पुस्तकात हा इशारा ठळक अक्षरांत नाही. पान २१२ वर नुसताच आहे.

६ नोव्हेंबर.
काळा पडदा, पांढरी अक्षरं. अगदी फळाच. यात 'रूट' म्हणून एक सर्वाधिकारी असतो. तो मीच. चाळीस वर्षांत हेडमास्तरांनी दिले नाहीत एवढे अधिकार. तरी दर दोन ओळींनी 'परवानगी नाही'. माझ्याच घरात.

८ नोव्हेंबर.
सेंदाईहून चिझुरूचा फोन. बाबा, पाचवीतल्या मुलांच्या कविता आता कोण वाचणार, म्हणे. लेक असली तरी हिशेबनीस आहे. तिला म्हटलं, बघच.
फुमिए नावाच्या मुलीची एकच टाइप झाली :

मुळा उपटला.
खड्डा राहिला.
आई म्हणाली, चल.
मी थांबले
खड्डा मिटेपर्यंत.

बाकी तेहतीस उद्या.

१० नोव्हेंबर, सोमवार. दुपारी दोन.
झाला! सर्व्हर सुरू! प्रकरण सोळा : येईल त्या यंत्राला पत्ता वाटण्याची सोय. सर्व्हर म्हणजे सेवक, सेवकाने कद्रूपणा कशाला करावा? केली सुरू. प्रकरण सतरा : कुणी नाव विचारलं की वाट दाखवण्याची सोय. नावांची यादी काही केल्या जमेना. मग नावाच्या जागी एक तारा टाकला. अर्थ असा की कुठलंही नाव विचारा, माझ्याच पानाची, फुमिएच्या कवितेची, वाट दाखव. तार भिंतीतल्या, इमारतीच्या सामाईक इंटरनेटच्या खोबणीत लावली.
साडेतीनपर्यंत नऊ वाचक!

११ नोव्हेंबर.
सतरा. यंत्राच्या नोंदवहीत स्पष्ट आहे. आपण होऊन पत्ता मागून घेतात, मग पान उघडतात. काही जण तर दहा-दहा वेळा. कवितेची भूक होती लोकांना.
खालच्या मजल्यावरच्या नेमोतोबाई जिन्यात भेटल्या. इंटरनेट मेलं आहे, काल रेल्वेचं वेळापत्रकसुद्धा उघडलं नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, माझं उत्तम चाललंय. त्यावर त्या, "तुमचं बरंय हो गुरुजी, तुम्हाला कुठे जायचंच नसतं."
कुजकट बाई. कविता टाइप केल्या नाहीत, वाचक मोजण्यात दिवस गेला.

१३ नोव्हेंबर.
इमारतीचं सूचनापत्रक घरोघर फिरत माझ्याकडे आलं. इंटरनेट बिघडलं आहे, कुणी स्वतःचं उपकरण लावलं असल्यास ताबडतोब काढावे. खाली नेमोतोबाईंचा शिक्का, जरा जास्तच दाबून मारलेला. लोक काय वाटेल ती खेळणी लावतात. माझा सर्व्हर आहे, उपकरण नव्हे. 'वाचले' म्हणून माझाही शिक्का मारला आणि पत्रक शेजारी दिलं.
एकवीस.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
तेवीस. कालपासून एकही नवा नाही, पण जुने सोडून जात नाहीत. निष्ठावंत. चिझुरूला फोन केला. आकडा सांगितला. मग म्हणाली, बाबा, तुमच्या इमारतीत घरं किती? हा काय प्रश्न आहे? चोवीस.
फुमिए आता पंचावन्नची असेल. तिला पत्र लिहावं : पोरी, तेवीस जण तुझा मुळा वाचताहेत. पत्ता मात्र नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी दहा.
बेल वाजली. पहिला वाचक भेटायला आला असं समजून केस विंचरून दार उघडलं. कोपऱ्यावरच्या चौकीतले हवालदार मोरिया. टोपी काखेत, हातात छापील कागद. त्यांच्यामागे नेमोतोबाई, घरातल्या सपाता घालून.
"गुरुजी, हे तुमचं का?" हवालदारांनी विचारलं. "बँक उघडा, रुग्णालय उघडा, हवामान उघडा, प्रत्येक घरात हेच येतंय. लोक म्हणतात, कुणीतरी धमकी दिली आहे. खड्ड्याची."
मी म्हटलं, ती पाचवीतली मुलगी आहे. ते म्हणाले, असेल, पण तार आत्ता माझ्यासमोर काढा. काढली. नोंदवही तिथेच थांबली.
हवालदार कागदाची घडी घालू लागले. नेमोतोबाईंनी तो त्यांच्या हातून घेतला.
"सहा दिवस तोच खड्डा बघतेय, गुरुजी," त्या म्हणाल्या. "त्या पोरीला कुणी घरी नेलं की नाही, तेवढं सांगा."
मला माहीत नव्हतं. पंचेचाळीस वर्षांत मी तिला हे विचारलंच नव्हतं.