गुळाच्या दाखल्याची तक्रार मागे घेणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
परीक्षा प्रमाद समिती,
तेरणाखोरे विद्यापीठ, धाराशिव.

अर्जदार : श्रीमती फरिदाबी साजिद मोमीन, वय ४१, रा. येडशी, ता. जि. धाराशिव. एम.ए. (तत्त्वज्ञान), द्वितीय वर्ष.

विषय : अर्जदार हिने आपल्या सख्ख्या जावेविरुद्ध केलेली नकलेची तक्रार रद्द होऊन जावेचे गुणपत्रक मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २३/०६/२०२५ चा तक्रार अर्ज.
२) आपली दि. ३०/०६/२०२५ ची नोटीस.

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय सादर करण्यात येते की, संदर्भ क्र. १ ची तक्रार अर्जदार हिने कोणाच्याही दबावाशिवाय, निव्वळ जळफळाटातून केली होती. तक्रारीत 'जळफळाट' हा शब्द नव्हता, तेथे 'विद्यापीठाच्या हितास्तव' असे लिहिले होते. ती मागे घेण्यासाठी अर्जदार मंगळवारी परीक्षा विभागात आली असता तेथील शिपाई श्री. हणमंतप्पा यांनी कोरा कागद पुढे करून सांगितले, "बाई, तक्रार देताना कुणी कारण इचारत न्हाय. मागं घ्यायची तर लिवावं लागतंय. अन् खरं लिवा, सायब लई बारीक वाचत्यात." सबब खरे कारण लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे.

२. अर्जदार बी.ए. होऊन लग्नानंतर येडशीस आली व सतरा वर्षे तिने पुस्तक उघडले नाही. गेल्या वर्षी तिने एम.ए.ला प्रवेश घेतला. तत्त्वज्ञानच का, तर तिथे जागा रिकाम्या होत्या. रोज एकटीने एसटीने जायचे नाही, अशी सासूबाईंची अट पडली. तेव्हा अर्जदाराने धाकटी जाऊ अलिजा मुजीब मोमीन, वय २६, बी.ए., हिचाही प्रवेश अर्ज स्वतःच्या हाताने भरला, तिच्या फोटोला डिंक लावला आणि तिला सांगितले, "तू नुसती सोबतीला बस. अभ्यासाचं मी बघते." (घरी दखनी बोलली जाते, येथे सोयीसाठी मराठीत दिले आहे.)

३. दुसऱ्या सत्रात 'आधुनिक पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास' हा पेपर आला आणि अर्जदाराचे चित्त त्यात गुंतले. एक गृहस्थ शेकोटीजवळ बसून साऱ्या जगावर संशय घेतो. दुसरा भिंगे घासून पोट भरतो आणि त्याचेच लोक त्याला वाळीत टाकतात. तिसरा विचारतो की, खोलीत कोणी नसताना खुर्ची आहे कशावरून. भाकरी थापता थापता अर्जदार या सर्वांशी मोठ्याने वाद घालीत असे. घरात ते ऐकणारी एकटी अलिजा होती. ती कांदा चिरीत मुकाट ऐकायची आणि ऐकलेले विसरायची नाही. वर्गात मात्र 'चिद्बिंदुवाद' म्हणताना अर्जदाराची जीभ अडखळे, तर अलिजा तो शब्द पानसुपारी मागितल्यासारखा सहज उच्चारी. प्रा. चन्नबसप्पा सर शिकवताना मान तिच्याकडे वळवून बोलू लागले. सोबतीला आणलेली माणसे सोबतीलाच राहत नाहीत, हे अर्जदाराच्या तेव्हापासून ध्यानात येऊ लागले.

४. आता मुख्य मुद्दा. वर उल्लेखिलेल्या संशयी गृहस्थांनी मेणाच्या गोळ्याचा दाखला दिला आहे. मेण आगीजवळ नेले की त्याचा वास जातो, मधाची चव जाते, आकार जातो, तरी ते तेच मेण आहे हे आपण जाणतो. म्हणजे जाणणारी बुद्धी आहे, इंद्रिये नव्हेत. परीक्षेच्या आठ दिवस आधी अर्जदार शेंगदाण्याच्या लाडवांसाठी गुळाचा पाक करीत होती. कढईकडे बघता बघता ती अलिजाला म्हणाली, "बघ गं, खडा होता तेव्हा टणक होता, आता वाहतोय. रंग गेला, वासही बदलला. पण एक बोट लाव. गोडी गेली का? त्या बाबानं मेण घेतलं म्हणून त्याचं जमलं. गूळ घेतला असता तर जिभेला खोटं ठरवणं त्याला जड गेलं असतं."

अलिजाने बोट लावले, चटका बसला. बोट तोंडात धरून ती म्हणाली, "भाभी, हे पेपरात लिहा ना."

अर्जदार उत्तरली, "येडी आहेस का? विद्यापीठाच्या पेपरात गुळाचं काय काम!"

५. पेपरात तो प्रश्न आला. अर्जदाराने नोट्समधले मेण जसेच्या तसे उतरवले. ऐंशीपैकी एक्केचाळीस गुण पडले. अलिजाला सदुसष्ट.

६. दि. २१ जून रोजी तिसऱ्या सत्राच्या वर्गात चन्नबसप्पा सर म्हणाले, "वीस वर्षं हा पेपर तपासतोय. यंदा एका उत्तरात मेणाला गुळानं आव्हान दिलेलं वाचलं. कुणी लिहिलं होतं ते?" अलिजा उभी राहिली. ती "सर, ते..." एवढेच बोलली आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. पुढचे शब्द टाळ्यांत बुडाले. अर्जदारही टाळ्या वाजवीत होती, कारण न वाजवल्यास लोकांच्या लक्षात आले असते. परतीच्या एसटीत अलिजा काही सांगू पाहत होती. "डोकं दुखतंय" असे सांगून अर्जदार खिडकीकडे तोंड करून बसली. सोमवारी तिने तक्रार दिली की, गुळाचा दाखला अलिजाने अर्जदाराचा उचलला.

७. यापुढील मजकूर लिहिताना अर्जदारास लाज वाटते. आपली नोटीस दि. २ जुलै रोजी रजिस्टर पोस्टाने घरी आली, तेव्हा अलिजा माहेरी परंड्यास होती. अर्जदाराने पोच म्हणून सही केली. सुनावणी दि. २१ जुलैस असून तोवर गुणपत्रक राखून ठेवले आहे, आरोप सिद्ध झाल्यास दोन परीक्षांना बंदी, असे त्यात होते. अर्जदाराने ती पिठाच्या डब्यामागे ठेवली. अलिजा परत आल्यावरही दोन दिवस दिली नाही. तिचे वर्ष जाईल हे कळत होते आणि त्या कळण्याचा थोडा आनंदही होता. तिसऱ्या दिवशी नवऱ्याला डब्यामागे पाकीट सापडले. साजिद मियाँ शिंपीकाम करतात, फार बोलत नाहीत. ते इतकेच म्हणाले, "हे तू ठेवलंस? मग तूच दे."

८. अलिजाने उभ्या उभ्या नोटीस वाचली. तक्रारदाराचे नाव वाचून ती दारातच खाली बसली. अर्जदाराला वाटले, आता रडेल, सासूबाईंना हाक मारेल. ती म्हणाली, "भाभी, तुम्हाला राग आला होता तर मला दोन शिव्या द्यायच्या होत्या. कागद कशाला केलात?" त्यानंतर नऊ दिवस दोघी एकाच एसटीने येत-जात होत्या, पण वेगवेगळ्या बाकांवर बसत होत्या.

९. सुनावणीसाठी अलिजाने आपल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. ती गेल्या सोमवारी मिळाली. घरी आल्यावर तिने पान नऊ उघडून अर्जदारापुढे ठेवले. गुळाचा दाखला संपल्यावर तिने लिहिले आहे : "हा विचार माझा नाही, माझ्या जाऊबाईंचा आहे. त्याही ही परीक्षा देत आहेत. त्यांनी हा अधिक चांगला मांडला असेल, अशी माझी खात्री आहे."

१०. सबब नक्कल झालेली नाही, श्रेय रीतसर दिलेले आहे. आता उत्तरपत्रिकेत ओळख पटेल असे काही लिहिणे हाही प्रमाद आहे, अशी शंका कोणी काढील. त्यावर निवेदन असे की, तेथे नाव नाही, फक्त जाऊबाई आहेत, आणि जिल्ह्यात जावा पुष्कळ आहेत.

११. पान नऊ वाचून अर्जदाराचा मत्सर गेला, असे आपणास वाटू शकेल. समितीची दिशाभूल होऊ नये म्हणून नमूद करणे भाग आहे की, तो गेला नाही, वाढला. ती हुशार निघाली, इतके अर्जदाराने कसेबसे सोसले असते. ती आपल्याहून चांगलीही निघाली, हे सोसवत नाही. शिवाय जे बोलण्याची अर्जदाराची कढईपुढे हिंमत होती, ते लिहिण्याची परीक्षागृहात झाली नाही आणि अलिजाची झाली. एक्केचाळीस आणि सदुसष्ट यांत फरक आहे तो एवढाच. त्यात अलिजाचा दोष नाही, समितीचा नाही, चन्नबसप्पा सरांचाही नाही. ज्याचा आहे त्याला शिक्षा करण्याची तरतूद नियमांत असल्यास ती अर्जदारास लागू करावी.

१२. तरी विनंती की, (अ) संदर्भ क्र. १ ची तक्रार खोटी ठरवून दि. २१ ची सुनावणी रद्द करावी व तिसऱ्या सत्राची प्रवेश मुदत संपण्यापूर्वी अलिजाचे गुणपत्रक द्यावे. (आ) खोट्या तक्रारीबद्दल जी कारवाई व्हायची ती अर्जदारावर व्हावी. (इ) श्रेणीसुधार योजनेखाली हा पेपर हिवाळी परीक्षेत पुन्हा देण्याची अर्जदारास परवानगी असावी. एका मुद्द्यावर अर्जदाराचे स्वतःचे मत आहे आणि ते तिने अद्याप घरात कोणासमोर उच्चारलेले नाही.

१३. हा अर्ज देण्यापूर्वी वाचून बघ, असे अर्जदाराने काल अलिजास सांगितले. नऊ दिवसांचे मौन तिथे संपले. तिने ओट्याशी बसून सगळा वाचला, कलम सातपाशी थोडा वेळ थांबली, पण तिथे काही बदलले नाही. कलम अकरामध्ये मूळ शब्द 'ईर्शा' असा होता. तो अशुद्ध आहे, 'ईर्ष्या' हवा, असे ती म्हणाली, आणि जमणार नसेल तर सरळ 'मत्सर' लिहा, असा पर्यायही तिने दिला. तो पर्याय अर्जदाराने स्वीकारला आहे. तो बरोबर होता, ही गोष्टही अर्जदारास आवडलेली नाही.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी नम्र अर्जदार,

(सही)
फरिदाबी साजिद मोमीन
येडशी, दि. १८/०७/२०२५

सोबत : १) नोटिशीची प्रत (कडेला पीठ लागलेले आहे, क्षमस्व).
२) उत्तरपत्रिकेच्या पान नऊची छायाप्रत, अलिजा मुजीब मोमीन यांच्या संमतीने.
३) श्रेणीसुधाराचा फॉर्म, भरून.