बुजवलेली भेग

झांझिबार, जुनं शहर
मंगळवार सकाळ

प्रिय झेयानाताई,

पावाखाली कागद सापडला म्हणून टोपली रागानं परत खाली सोडू नकोस. तू फोन उचलत नाहीस, दार उघडत नाहीस. माझं काही वर पोचायचं तर आता पावाची टोपली वर ओढायच्या या दोरीनंच. मकामे काकांच्या कॉफीच्या बाकावर बसून लिहितेय. ते म्हणाले, "पोरी, बहिणीला शिव्याच घालायच्यात ना? मग मोठ्यानं घाल, कागद कशाला वाया घालवतेस?" मी हसले नाही, तेव्हा त्यांनी कॉफीचा कप पुढे सरकवला.

गेल्या महिन्यात मी घर सोड म्हटलं, तर गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडलीस, "घरावर टपलेल्या त्या हॉटेलवाल्याची दलाल झालीस का गं?" नाही झाले, ताई. पण तुझं तरी काय चुकलं? तीन वर्षांपूर्वी मीच जुन्या घरांची नोंद ठेवणाऱ्या आमच्या ऑफिससाठी कॅमेरा घेऊन जुन्या शहरात घरोघर फिरत होते. एकेका घराचे पाचसातशे फोटो काढायचे आणि ते जोडून कॉम्प्युटरवर घर जसंच्या तसं उभं करायचं, म्हणजे पुढे कुणी पाडलं, बदललं, तरी मूळ काय होतं ते राहील. आपल्या घराचं ते चित्र तू चौकट करून भिंतीवर लावलंस. धोक्याच्या घरांची यादी घेऊन माणसं आली की तेच पुढे करतेस, "माझ्या सख्ख्या बहिणीनं मापलंय. बघा, कुठे आहे भेग?"

तेव्हा बाबा गल्लीकडच्या खोलीत पडून होते. मी खिडकीचं माप घ्यायला आत गेले, तर म्हणाले, "भेग दिसली ना तुला? मला इथंच मरू दे, साल्हा." एवढंच. भेग नोंदली असती तर त्यांना तिथून हलवावं लागलं असतं. दोरीवरचे कपडे फोटोत आडवे आले की चित्रात मागे भोक राहतं, ते बुजवायची सोय असते. त्याच सोयीनं मी भेग बुजवली. खिडकीपासून पायापर्यंत, अर्ध्या तासात, कुणाला शंका येणार नाही इतक्या सफाईनं. बाबा दोन महिन्यांत गेले. मग सांगेन, सांगेन म्हणत राहिले. तू आईला त्याच खोलीत हलवलंस, तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. भित्री आहे मी.

काल समोरच्या गच्चीवरून पुन्हा फोटो काढले आणि तेव्हाच्या मूळ आणि गेल्या महिन्यात काढलेल्या फोटोंशी ताडून पाहिले. भिंतीनं वीतभर पोट काढलंय. त्यातली चार बोटं या महिन्याभरातली, आणि तीन दिवस पाऊस थांबलेला नाही. मघाशी तुमच्या ओट्यावर चुन्याचं ढेकूळ पडलं. मकामे काकांनी तिथे बसलेल्यांना उठवलं.

तुझ्या भिंतीवरचं ते चित्र खोटं आहे, हे सांगायला लिहितेय. आज ऑफिस उघडताच तिथे सगळं कबूल करून आले. नोकरी जाईल, जाऊ दे. घर रिकामं करायला उद्या माणसं येतील, पण मला उद्यापर्यंत धीर नाही. आईला उठव. गल्लीकडच्या जिन्यानं नको, स्वयंपाकघरामागच्या जिन्यानं उतरा. तिची औषधं घे, बाकी काही शोधत बसू नकोस. मला काय बोलायचं ते खाली येऊन बोल, सगळं ऐकून घेईन. टोपली वर गेली की मी मागच्या दाराशी येऊन उभी राहते. कडी आतून आहे, ती तूच काढायची आहेस.

तुझीच,
साल्हा