पडलो नाय, खाली आलो

२ फेब्रुवारी, सोमवार
आज गोडाऊनच्या शिडीवरून जरा घाईनं खाली आलो. सुपरवायझर रामेश्वर म्हणतो, पडलास. ज्याची त्याची नजर. दोन महिन्यांतली ही तिसरी घाई. कंबर दुखतेय ती थंडीनं.

४ फेब्रुवारी
कामगार पडू नयेत म्हणून कंपनीनं मार्शल आर्टचा क्लास काढलाय. रोज शिफ्टआधी वीस मिनिटं. शिकवायला मंजुषा मॅडम. २८ला टेस्ट : डोळे मिटून एका पायावर तीस सेकंद. नापास त्याचं शिडीचं काम बंद. माझं कामच शिडीचं. म्हणजे थेट वैजापूरकडं, बापाच्या मेंढरांमागं. तसं होणार नाय. मार्शल आर्ट माझ्या रक्तात आहे. मोबाईलवर लई पाहिलंय.

५ फेब्रुवारी
निराशा. मॅडम सगळं सावकाश करतात. वजन या पायावर, मग त्या पायावर. एवढ्या सावकाश मारलं तर समोरचा चहा पिऊन परत येईल. उद्यापासून स्वतःचा सराव. पहाटे पाच.

६ फेब्रुवारी, सकाळी ९:४०
उठलो. क्लास हुकला. विश्रांती हाही सरावच.

८ फेब्रुवारी, रविवार
घसरू नये असे बूट घ्यायला शहरात गेलो. पुंडलिकनगरात दोघं जण जिन्यानं फ्रिज वर नेत होते. थांबून सल्ला दिला. तीन तास. फ्रिज शेवटी खालीच राहिला. बूट पुढच्या रविवारी.

१७ फेब्रुवारी
रामेश्वरनं घड्याळ लावून माझी ट्रायल घेतली. चार सेकंद. मी म्हणालो, फरशी वाकडी आहे. त्यानं दुसरीकडं उभं केलं. तीपण वाकडी.
बूट राहिले.

२३ फेब्रुवारी
बाचा फोन. मेंढरांमागं माणूस नाय, शनिवारी न्यायला येतो म्हणाला. मी म्हणालो, ये, टेस्ट बघ, मग बोल. लई कॉन्फिडन्सनं बोललो. आवाज ऐकून मलाच धीर आला.

२८ फेब्रुवारी, शनिवार
सहा सेकंद. चारावरून सहा, म्हणजे दीडपट प्रगती. पण रामेश्वरला गणितात रस नाय.

बा गेटपाशी थांबला होता. काठीवर हनुवटी, एक पाय उचलून दुसऱ्या गुडघ्याला टेकवलेला. मेंढरांमागं दिवसभर असाच असतो. मॅडमचं लक्ष गेलं. आत बोलावलं, काठी काढून घेतली, डोळे मिटायला लावले. बा उभाच. वर मॅडमला कोकरांच्या जंतांवर माहिती देतोय. सात मिनिटांनी घड्याळ धरून रामेश्वरचा हात दुखला.

मॅडमनं विचारलं, महिनाभर रोज सकाळी या पोरांपुढं असं उभं राहाल का, कंपनी पगार देईल.

बा म्हणाला, “नुसतं उभं राह्याचा पगार? मंग आमचं पोरगं दोन वर्षं इथं काय करत व्हतं?”

सगळे हसले. मीपण हसलो, नाय तर वाईट दिसलं असतं.

२ मार्च, सोमवार
बा बजाजनगरात, माझ्या खोलीत, माझ्या खाटेवर. मी मेंढरांमागं. तात्पुरतं. तसं पाहिलं तर बाला नोकरी मीच लावली.

इथं सरावाला भरपूर वेळ. सकाळी बाची जुनी काठी घेऊन एका पायावर उभा राहिलो. बांधावरून जरा घाईनं खाली आलो.

संध्याकाळी बाचा फोन. पहिलंच वाक्य, “पडलास ना?”

त्याला कुणी सांगितलं कळत नाय. तिथं मेंढरांशिवाय कुणी नव्हतं.