एका मापाची काडतुसं

उगानिक खाडी, कोडियाक बेट
६ फेब्रुवारी १९६७

ती. सिग्नेताईस,
धाकट्या ओरिनचा सा. न. वि. वि.

याला आज बहीण कशी आठवली, असं म्हणशील. खरं सांगतो, काम आहे म्हणून आठवली. पण आधी खुशाली. आम्ही दोघंही बरे आहोत. खाडीच्या तोंडाशी बर्फ आहे, त्यामुळे टपालाचं विमान दोन आठवडे उतरलंच नाही. पारास्केवाने तुझ्यासाठी धुरावलेला रावस बांधून ठेवलाय, तो या पत्राबरोबर येईल.

आता काम. शरदात मोठ्या अस्वलावरचा माझा नेम चुकला, ते तुला कळवलं होतं. ऊन डोळ्यांवर आलं होतं. तरी म्हटलं, हाताशी भारी रायफल असावी, म्हणून चारशे अठ्ठावन्न कॅलिबरची घेतली. दुकानातली काडतुसं इथवर यायला महिना लागतो, तेव्हा ती घरीच भरायला घेतली. डेलभावोजींनी दिलेलं जुनं दाबयंत्र आहेच. पण गोळी काही नीट बसेना. वीस भरली की चार-पाच काडतुसांच्या पितळी नळ्या तोंडाखाली फुगतात आणि रायफलीत जातच नाहीत. उलट काहींमधली गोळी सैल राहते. दोन बार काढले की धक्क्याने मॅगझीनमधल्या तिसऱ्या काडतुसाची गोळी नळीत आत सरकलेली दिसते. यंत्र जुनं झालं असणार. मे महिन्यात ओहायोचे एक साहेब शिकारीला यायचे आहेत. भावोजींच्या काडतुसं भरायच्या बाकावर तू वीस वर्षं काढलीस, तेव्हा तूच सांग.

कळावे. धाकट्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
ओरिन


लुइस्टन, आयडाहो
१७ फेब्रुवारी १९६७

चि. ओरिनास अनेक आशीर्वाद.

रावस पोचला. निम्मा शेजारणींनीच संपवला.

यंत्राला नावं ठेवू नकोस. ते डेलच्या हातचं आहे, तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त जगेल. तुझी दोन दुखणी मला एकाच घरची वाटतात. पितळी नळ्या चार-पाचदा वापरल्या की ताणून लांबतात, आणि सगळ्या सारख्या लांबत नाहीत. गोळी बसवताना तू त्याच दाबात नळीचा काठही आत वळवतोस ना? मग जी नळी लांब, तिचा काठ लवकर अडकतो, गोळी अजून खाली सरकतच असते, आणि बिचारी नळी फुगते. जी आखूड, तिचा काठ गोळीच्या कमरेच्या खाचेपर्यंत पोचतच नाही. ती सैल राहते. भारी रायफलीचा धक्का म्हणजे हातोडाच, तो गोळीला आत ठोकतो. तसं काडतूस उडवलं तर आतला दाब किती वाढेल याचा नेम नाही.

तेव्हा व्हर्निअर घे, सगळ्या नळ्या मोज आणि मापं मला कळव. तोवर भरलेल्यांतलं एकही उडवू नकोस. डेल म्हणायचा, काडतूस भरणाऱ्याला घाई असेल तर त्याने मासे पकडावेत.

तब्येतीला जप. पारास्केवाला माझे आशीर्वाद सांग.
तुझी ताई,
सिग्ने


उगानिक खाडी
१ मार्च १९६७

ती. सिग्नेताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. नळ्या मोजल्या. सगळ्या एका मापाच्या आहेत, तेव्हा दोष यंत्राचाच. त्यात गोळी बसवायचा नवा साचा कुठे मिळेल तेवढं कळव. बाकी क्षेम.

तुझा,
ओरिन


उगानिक खाडी
१ मार्च १९६७

ती. वन्संना पारास्केवाचा शि. सा. न.

हे पत्र यांच्या पत्राबरोबरच, त्याच विमानाने पाठवते आहे. यांना ठाऊक नाही. नवऱ्यामागे लिहायची मला सवय नाही, म्हणून आधीच क्षमा मागते.

नळ्या एका मापाच्या नाहीत. यांनी व्हर्निअर खिडकीशी धरलं, एकदा डाव्या डोळ्याशी नेलं, एकदा उजव्या, मग पेटीत ठेवून म्हणाले की सगळ्या सारख्या आहेत. हे बान्यात, वाफेच्या न्हाणीघरात अंघोळीला गेले तेव्हा मी दहा नळ्या टेबलावर उभ्या करून वर पट्टी ठेवली. पट्टी लंगड्या स्टुलासारखी डुगडुगली.

शरदातल्या त्या दिवशी ऊन नव्हतं, वन्सं. मी स्वयंपाकाला तळावर होते, सकाळपासून धुकं होतं. यांच्या उजव्या डोळ्यावर दुधासारखा पडदा आलाय आणि डाव्यावरही धरू लागलाय. परवा होडीचा दोर खुंटी सोडून हवेतच अडकवायला गेले. मी विचारलं तर म्हणाले की तू तुझा माशांचा पिरोक भाज. त्यांना वाटतं, कोडियाकच्या कचेरीत कळलं तर वाटाड्याचा परवाना जाईल. जखमी अस्वल झुडपात शिरलं की त्याच्यामागे वाटाड्यालाच जावं लागतं. ओहायोच्या साहेबांना सांगायला हवं ना? पण मी सांगितलं तर हे माझं तोंड पाहणार नाहीत. काय करू?

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
पारास्केवा


लुइस्टन
११ मार्च १९६७

चि. सौ. पारास्केवास अनेक आशीर्वाद.

क्षमा कसली मागतेस? ओरिनच्या डोळ्यांचा संशय मला तुझ्याआधी आला होता. त्याच्या पत्रातल्या ओळी उतारावरून घसरल्यासारख्या खाली जातात आणि अक्षर शाळकरी पोरासारखं मोठं झालंय. मला वाटलं, दारू पितो की काय! तसं असतं तर बरं होतं.

त्याला डॉक्टरकडे नेणं हे खरं काम. पण तो लहानपणी दात किडला तरी आठवडाभर जबडा बांधून हिंडला होता. तोवर निदान काडतुसं तरी धड हवीत, म्हणून ती तू भर. तुझे हात जाळी विणणारे आहेत, तुला जमेल. डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेव. डेलच्या पेटीत हाताने फिरवायचं एक कातरयंत्र आहे. त्याला अडसर आहे, ठरल्या मापाशी आलं की ते कापायचं थांबतं. प्रत्येक नळी त्यातून काढ. काठाच्या आतला पितळेचा कीस पुसून घे. नळीचं तोंड जरासं, अगदी कमळ उमलू लागावं इतकंच उघड, म्हणजे गोळी वाकडी शिरणार नाही. आधी नुसती गोळी बसव, काठाला हात लावू नकोस. सगळ्या बसल्या की साचा पुन्हा लाव आणि दुसऱ्या दाबात काठ खाचेत वळव. एकाच दाबात दोन कामं करायची नाहीत. पहिली दोन काडतुसं बंदुकीची दारू आणि बुडाची टोपी न घालता भर आणि रायफलीत घालून पाहा. झालेल्या प्रत्येकाच्या बुडाला तुझा लाल नखरंग लाव, म्हणजे त्याच्या काडतुसांत मिसळणार नाहीत.

साहेबांना सांगायचं ते त्याच्याच तोंडून जायला हवं. पण शिकारीच्या दिवसापर्यंत तो गप्प राहिला, तर तू सांग. तोंड पाहणार नाही म्हणतो? तसंही त्याला ते धड दिसत नाहीये.

तुझ्या पाठीशी असलेली,
सिग्ने


उगानिक खाडी
४ एप्रिल १९६७

सिग्नेताईस,

नमस्कार लिहिणार नव्हतो, पण आईने वळण लावलंय.

तुझं पाकीट विमानातून मीच उतरवून घेतलं. हात ओले होते म्हणून वैमानिकाला वाचायला सांगितलं. मला वाटलं, माझ्याच नावाचं आहे. त्याने पहिल्या चार ओळी धक्क्यावर मोठ्याने वाचल्या. मग तो थांबला आणि कागदाची घडी करून माझ्या खिशात घातली. बिचारा माझ्याकडे बघेना. चौदा वर्षं मी त्या माणसाला वाऱ्याची दिशा सांगत आलोय.

दोघी मिळून माझ्यामागे कुजबुजता! बाकीचं मी धक्क्यावरच भिंग धरून कसंबसं वाचलं. दाताची गोष्ट काढायची काय गरज होती? मी पत्र तिच्यापुढे टाकलं आणि दोन दिवस होडीवर राहिलो. परत आलो तर बाई माझ्या बाकावर बसून नळ्या कापतेय. हटायलाही तयार नाही. मी तिला सांगितलंय की मे महिन्यात मी माझीच काडतुसं नेणार. तुलाही सांगतो. बत्तीस वर्षं अस्वलांमागे गेलो, एकाही साहेबाला ओरखडा येऊ दिला नाही.

ओरिन


लुइस्टन
१५ एप्रिल १९६७

चि. ओरिनास आशीर्वाद.

रागावलास ते बरं झालं. निदान लांब पत्र तरी आलं. दाताबद्दल माफी मागते. बाकी कशाबद्दलही नाही.

एकच लिहिते. झुडपात तू एकटा जात नाहीस. मागे साहेब असतो, आणि त्याच्यामागे पारास्केवा. काडतूस अडकलं किंवा तुला अस्वल दिसलं नाही, तर ते जनावर तुझ्यापाशी थांबणार नाही. बत्तीस वर्षं कुणाला ओरखडा आला नाही, कारण तुला दिसत होतं. आता दिसत नाही.

माझ्यावर राग धर, तिच्यावर नको.
तुझी ताई


उगानिक खाडी
१२ मे १९६७

ती. वन्संना शि. सा. न.

आम्ही सगळे जिवंत आहोत. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही बसून वाचाल.

तळावर गेल्यावर चार दिवस हे साहेबांना काही बोलले नाहीत. मी ठरवलं होतं, पाचव्या दिवशी सकाळी आपण सांगायचं. पण ओहायोच्या त्या स्ट्राउडसाहेबांना पहाटेच ओढ्याकाठी अस्वल दिसलं. मी चहाचं भांडं खाली ठेवेपर्यंत त्यांचा बार निघाला होता. गोळी खाली लागली. अस्वल एकदा गरकन फिरलं आणि झुडपात शिरलं. रक्त होतं, पण थोडंच.

आम्ही अर्धा तास थांबलो. मग हे पुढे, मध्ये साहेब, मागे मी. साहेबांना हे म्हणाले होते की बंदूक रिकामी करा, नाहीतर घाबरून माझ्याच पाठीत घालाल. झुडपं इतकी दाट की चार हातांपुढचं दिसेना. आतून श्वास ऐकू येत होता, ओल्या भात्यासारखा. हे थांबले. मला वाटलं, कानोसा घेताहेत. पण ते साहेबांना बाजूला करून माझ्यापाशी आले आणि म्हणाले की पारा, उजवीकडे मला नुसतं दूध दिसतंय, तू पुढे हो. मग साहेबांकडे वळून म्हणाले की मी तुमच्यापासून लपवलं, चूक माझी आहे.

त्यांनी रायफल माझ्या हातात दिली. मी बोल्ट मागे घेऊन पाहिलं. बुडाला लाल ठिपका. माझी काडतुसं कधी भरून घेतली होती, देव जाणे. मला काही बोलले नव्हते. मी आजवर सील मारलेत, हरणं मारलीत. अस्वलावर कधी बंदूक धरली नव्हती.

ते उजवीकडूनच आलं. पहिली गोळी खांद्यात बसली, तरी येतच राहिलं. मी बोल्ट ओढून ढकलला. दुसरं काडतूस कुठेही न अडता आत गेलं. वन्सं, त्या दुसऱ्या गोळीने अस्वल कोसळलं. ते पडलं तिथपासून माझ्या पायांपर्यंत यांनी नंतर पावलं मोजली. सात भरली. साहेब शेवाळावर बसले होते.

मॅगझीनमधलं तिसरं काडतूस काढून पाहिलं. दोन धक्के खाऊनही गोळी केसभरही सरकली नव्हती. तळावर परतल्यावर यांनी आपली पिशवी माझ्यापुढे ठेवली. रायफलीचं तोंड समुद्राकडे करून आम्ही त्यांची तेवीस काडतुसं एकेक घालून पाहिली. सहा शिरलीच नाहीत. यांनी त्या सहांच्या तोंडाखालचा फुगवटा एकेक करून बोटाने चाचपला. मग म्हणाले की अँकरेजच्या डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव सिग्नेला विचार.

तेव्हा नाव लवकर कळवा. यांचं मन बदलायच्या आत.
तुमची,
पारास्केवा


उगानिक खाडी
२० नोव्हेंबर १९६७

ती. सिग्नेताईस सा. न. वि. वि.

ओळी सरळ आल्यात की नाही, पाहा. जूनमध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डावा पुढच्या उन्हाळ्यात. चष्मा बाटलीच्या बुडाएवढा जाड आहे. पारा म्हणते, मी घुबडासारखा दिसतो. माझा परवाना मीच कचेरीत नेऊन दिला. कारकुनाने कारण विचारलं, ते सांगितलं. सांगताना वाटलं होतं तितकं कठीण गेलं नाही. आता तिच्या नावाचा परवाना आलाय, आणि तळावर चहा मी करतो. साहेब लोकांना आवडत नाही, पण पितात.

गेल्या आठवड्यात तिच्याबरोबर ओढ्यावर गेलो होतो. ती पुढे, मी मागे. माझ्या पायाखाली काटकी मोडली, तशी तिने वळून मला बोटाने जागच्या जागी बसवलं आणि एकटी पुढे गेली. राग आला. एक तास दगडावर बसून होतो. मग पलीकडच्या काठावर एक मादी दोन पिल्लं घेऊन पाण्यात उतरली. आमचं काम नराशी, तेव्हा कुणी बंदूक उचलली नाही. ताई, गेली तीन वर्षं मला अस्वल म्हणजे एक तपकिरी डाग दिसत होता. या वेळी त्या मादीच्या कानातले केस दिसले. धाकट्या पिल्लाच्या नाकावरून पाणी गळत होतं, त्याचा थेंबन् थेंब दिसला. पारा परत आली तेव्हा मी रडत होतो. ती म्हणाली की ऊठ, चष्मा पूस, थंडी वाढतेय.

नाताळला इकडे ये. तुझी माया अशीच वाहती राहू दे, आणि चुकलो की अशीच कान उपटत जा.
तुझा धाकटा,
ओरिन