इंग्रज बाईची अर्धी गोष्ट

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला फिजिक्सला आम्ही तिघीच मुली होतो. तुम्ही एकदा सगळ्या वर्गाला एका टॉकीजच्या ऑपरेटरच्या केबिनमध्ये नेलंत. मशीनच्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, त्यांच्यामध्ये पेटलेला पांढराधोट उजेड, आणि मधूनच फुत्कारल्यासारखा आवाज. मी काळी काच न धरताच वाकले, तर तुम्ही दंडाला धरून मला मागं ओढलंत. "डोळं घालवायचं हाईत काय?" एरवी पुस्तकी बोलणारे तुम्ही, चिडलात की अस्सल कोल्हापुरी व्हायचात. मग तिथंच उभ्या उभ्या तुम्ही त्या इंग्रज बाईची गोष्ट सांगितलीत. घड्याळवाल्याची लेक. बाप लवकर गेला, आईनं शिवणकाम करून पोरं वाढवली. ही गणित शिकली, परीक्षा पास झाली, पण बायकांना पदवी द्यायची तिथं पद्धत नव्हती. त्या काळी रस्त्यांवर असेच दिवे जळायचे, असेच फुत्कारायचे, आणि का ते कुणाला नीट सांगता येत नव्हतं. हवेतला ऑक्सिजन कांडीच्या तापलेल्या टोकाला भिडतो म्हणून, हे तिनं प्रयोग करून दाखवलं. पुढं समुद्रकाठच्या वाळूवर पाणी नक्षी कशी उठवतं, तेही तिनं शोधलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही काचेच्या टाकीत पंचगंगेची वाळू घातलीत, पाणी सावकाश झुलवलंत, आणि बघता बघता तळाशी त्या रेघा उमटल्या. मुरगूडच्या शेतकऱ्याच्या पोरीला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की जगात अजून कुणालाच न कळलेलं काहीतरी आपल्यालाही कळू शकेल. हे वाटणं तुम्ही दिलंत. म्हणून तर जास्त राग येतो.

परीक्षा झाली, मी मुरगूडला परतले. एम.एस्सी.ला नंबर लागला आणि त्याच आठवड्यात गडहिंग्लजचं स्थळ आलं. घर बागायतदार, मुलगा एकुलता. मी आबांना सांगितलं, मला शिकायचंय. दोन दिवस मी जेवले नाही. शेवटी आबाच म्हणाले, "तुझ्या सरांस्नी इचारू. ते म्हनतील तसं. मग तर झालं?" मी लगेच हो म्हणाले. तुम्ही काय सांगाल याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती.

रविवारी तुम्ही एसटीनं आलात. सोप्यात कॉटवर बसलात, आईनं पोहे दिले. आणि आबांना तुम्ही तीच गोष्ट सांगितलीत, फक्त या वेळी दुसऱ्याच बाजूनं. बाईनं मोठं काम केलं ते लग्नानंतर. नवरा स्वतः प्रोफेसर, घरातच प्रयोगशाळा. मग मला बाहेर बोलावून म्हणालात, "लग्न झालं म्हणून तिचं काही अडलं नाही. तुझंही अडणार नाही." आबांचा चेहरा खुलला. मी मान डोलावली.

अडलं, सर. बैठकीत "शिकू दे की" म्हणणारी माणसं लग्नानंतर "बघू की पुढच्या साली" म्हणायला लागली. पुढच्या साली मला दिवस गेले. नंतर बी.एड. तेवढं करू दिलं, कारण त्यावर नोकरी लागते. मी हायस्कुलात आठवी-नववीला विज्ञान शिकवायला लागले. तुम्ही गेल्याचं पेपरात वाचलं, तेव्हा मी रडले होते. तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

मग एकदा पोरांना घेऊन कोल्हापूरला विज्ञान प्रदर्शनाला आले आणि तिथल्या स्टॉलवर शास्त्रज्ञ बायकांवरचं एक पुस्तक मिळालं. परतीच्या एसटीत उघडलं, तर आपली बाई त्यात. तिचा दिव्यावरचा निबंध विद्वानांच्या मोठ्या सभेत एका पुरुषानं वाचला, कारण तिला तिथं उभं राहायची परवानगी नव्हती. पुढं सभासद म्हणून तिचं नाव सुचवलं गेलं, तर वकिलांनी मत दिलं की विवाहित बाई कायद्यानं स्वतंत्र माणूस धरता येत नाही. तिला पदक दिलं, पण सभासद मरेपर्यंत केलं नाही. लग्न झालं म्हणूनच तिचं अडलं होतं, सर. नेमकं त्याच कारणानं.

पुढच्याच रविवारी मी शाहूपुरीत तुमच्या घरी गेले. काकूंनी चहा ठेवला. मी सरळ विचारलं, सरांना हे ठाऊक होतं का. "ठाऊक होतं की," त्या म्हणाल्या. "मुरगूडहून आले त्याच दिवशी मला म्हणाले, सगळं सांगितलं असतं तर पोरगी लग्नाला उभी राहिली नसती, आणि बाप माझ्या दारात येऊन बसला असता." तुम्ही त्या रात्री जेवला नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. त्याचं मी काय करू? तुमच्या एका उपासानं माझं काय भागलं?

आबांवर मी कधी एवढी रागावले नाही. ते काय करणार हे मला लहानपणापासून माहीत होतं. सासरच्यांचंही तेच. तुम्ही मात्र त्या गोष्टीची दोन्ही टोकं जाणून होता, आणि पोरीच्या आयुष्यापेक्षा तुम्हाला तुमच्या दारातली शांतता मोठी वाटली.

हे कुठं पाठवायचं नाहीच. पण एक गोष्ट मी काकूंनाही सांगितली नाही. त्या रविवारी तुम्ही सोप्यात पोहे खात होता ना, तेव्हा मी आत माझी बॅग भरत होते. मला वाटलं, तुम्ही मला न्यायला आलाय.