पाळीवरची निलगिरी

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
कार्बन वनीकरण कक्ष, गोंदिया.

विषय : खालचा टोला (ता. आमगाव) येथील तलावाच्या पाळीवरील निलगिरी, तलाव भरण्यापूर्वी तोडू देण्याबाबत.
संदर्भ : माझे आधीचे दोन अर्ज. उत्तर अप्राप्त.

महोदय,

१. माझे घर पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, पायथ्याशी आहे. तलाव भरला की पाण्याची पातळी आमच्या छपरांच्या वर असते. आपल्या कक्षाने पाळीवर निलगिरी लावली. तिने हवेतला कार्बन कमी होतो, हे मला मान्य आहे. झाडांशी माझे वैर नाही. परंतु पाळीवर गवताखेरीज काही वाढू द्यायचे नाही, ही पूर्वापार तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजाची रीत. उंच झाड वाऱ्याने हलते आणि मुळाशी माती सैल होते.

२. वैशाखातल्या वादळात एक झाड उन्मळले. मुळांसोबत पाळीचा बैलगाडीएवढा लचका निघाला. तलाव तेव्हा आटलेला होता, म्हणून हा अर्ज लिहायला मी उरले. आपले साहेब पाहणीस आले. त्यांनी पडलेल्या झाडाचे माप घेतले, भगदाडाचे घेतले नाही. झाड तोडल्यास कार्बन हवेत परत गेल्याची नोंद होते, सबब परवानगी नाही; आपोआप पडल्यास मात्र ते नैसर्गिक नुकसानीत धरतात, असे त्यांनी समजावले. महोदय, आपोआप पडण्याचीच तर आम्हाला धास्ती आहे.

३. भगदाड आम्ही मातीने बुजवले. आता तलाव भरत चालला आहे. शेजारच्या नंदाबाईची सून रविता बाळंतीण आहे. तिच्या खाटेमागची भिंत ओली झाली आहे. वारा सुटला की नंदाबाई पाळीला हात लावते आणि म्हणते, "अवो, पाळ हालून राहिली ना!" मी तिला भित्री म्हणून चिडवत असे. परवा मीही हात लावला. तेव्हापासून मला झोप नाही.

४. थोडे पाणी सोडू म्हटले, तर झाडांना ओल हवी म्हणून त्यालाही आपली मनाई आहे. तेव्हा झाडे तोडू द्यावीत, नाहीतर आमच्या वस्तीचा हा टोलाच दुसरीकडे हलवावा. दोन्ही जमत नसेल, तर आमची माणसे आपोआप गेल्यास ती कशात धरणार, एवढे आताच कळवावे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
दुर्गेश्वरी टिकेश रहांगडाले
दि. २१ जुलै २०२५

सोबत : पाळीखाली रात्री झोपणाऱ्यांची नावे, घरांच्या क्रमाने, म्हणजे पंचनाम्याला शोधावी लागणार नाहीत. रविताच्या बाळाचे बारसे अजून व्हायचे आहे. त्याची जागा कोरी सोडली आहे.