माझ्या मातीला पुढारी नको

मी, फिलिप ग्यानबा सरकटे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शेती, पूर्वी मिशनचा धर्मशिक्षक, राहणार मौजे सावळदरा, तालुका व जिल्हा वाशीम, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोळ्यांना कमी दिसते, डोके शाबूत आहे; डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहा म्हणून कोणी दडपण आणलेले नाही. लिहू नका म्हणणारेच जास्त भेटले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

माझी पत्नी मोनिका गेल्या श्रावणात वारली. मुलगा विनोद माझ्याजवळ राहतो. मुलगी नीलिमा नागपूरला परिचारिका आहे. दुसरे वारस नाहीत.

१. राहते घर विनोदला द्यावे. अट एवढीच की घरावर कोणत्याही पक्षाचा झेंडा किंवा फलक लागू नये. ही अट पाळली जाणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो, म्हणजे ती मी घातली होती एवढे तरी राहील.

२. नाल्याकाठचे शेत नीलिमाला द्यावे. बांधालगत मोनिकाची कबर आहे, तो तुकडा विकू नये, नांगरू नये, आणि आमच्या टोलीतल्या, म्हणजे ख्रिस्ती वस्तीतल्या, कोणाला माती द्यायला जागा मिळाली नाही तर त्याला तो मोकळा असावा. कबर शेतात का आली, हे लिहिल्याशिवाय हे कलम कोणाला समजणार नाही, म्हणून लिहितो.

माझे वडील ग्यानबा यांनी बाप्तिस्मा घेतला, कारण मिशनच्या प्रार्थनेला सगळे एकाच चटईवर बसत. गावात त्यांना तशी चटई कुठे मिळाली नव्हती. मी त्याच टोलीत मोठा झालो, पुढे धर्मशिक्षक झालो, लेकरांना क्रुसाची खूण करायला शिकवली, मरणाऱ्यांच्या उशाशी जपमाळ म्हटली. राजकारणाचे मला वावडे नव्हते. शेतमजूर बायांची मजुरी थकली तेव्हा मिशनच्या सिस्टरांसोबत मीही मोर्च्यात कचेरीवर गेलो होतो. उपाशी माणसाची बाजू चर्चने घ्यावी, उघड घ्यावी, असे मी आजही मानतो. पण उपाशी माणसाची बाजू घेणे वेगळे आणि उमेदवाराची घेणे वेगळे.

गेल्या निवडणुकीत फादर लिओ, वसईकडचे तरुण आणि कामसू, एका पक्षाच्या उमेदवाराच्या फार जवळ गेले. पक्षांची नावे लिहीत नाही, तिकडची माणसे इकडे येत-जात असतात. उमेदवाराने आमच्या दफनभूमीला भिंत बांधून देण्याचा शब्द दिला होता. मतदानाच्या आधीच्या रविवारी फादरांनी प्रवचनात त्याचे नाव घेतले, चिन्ह सांगितले आणि एकही मत फुटू नये असे बजावले. माझा विनोद त्या चिन्हाची पत्रके घेऊन चर्चच्या दारात उभा होता.

मी उठून उभा राहिलो. असे मी आयुष्यात कधी केले नव्हते.

"फादर, हे इथून नका बोलू," मी म्हणालो. "बाहेर निंबाखाली बोला, मीबी ऐकतो. पण वेदीपुढून नको."

"फिलिपभाऊ, बसा," ते म्हणाले. "हे तुमच्याच भल्यासाठी आहे."

"भलं मले समजते. जिथं ख्रिस्ताचं शरीर ठेवता, तिथं चिन्ह कायले? आन् माणसानं ज्याले द्याचं त्याले मत द्यावं. तुमी सांगतलं तर ते मत नाही, हुकूम झाला."

फादरांनी पुढची प्रार्थना सुरू केली. घरी आल्यावर विनोद म्हणाला, "बाबा, तुमी मले चार लोकांत खाली पाडलं." त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतेच बोलतो. धर्मशिक्षकाचे कामही माझ्याकडून काढून घेतले. शिकायला येणारी लेकरे येईनाशी झाली.

निवडून दुसऱ्या पक्षाचे साहेब आले. मत गुप्त असते म्हणतात, पण आमच्या टोलीचे मत फादरांनी माईकवर सांगून टाकले होते. मी कोणाला मत दिले हे कोणी विचारले नाही. आम्ही सगळे एकाच हिशोबात धरले गेलो. दफनभूमीची वाट साहेबांच्या एका माणसाच्या वावरातून जाते. पिढ्यान् पिढ्या आम्ही तिथून मयत नेली. निकालानंतर त्याने तिथे तारेचे कुंपण घातले.

मोनिका गेली तेव्हा आम्ही शवपेटी घेऊन त्या कुंपणापाशी उभे राहिलो. पाऊस भुरभुरत होता. फादर लिओ त्या माणसाच्या घरी गेले, हात जोडले. तो म्हणाला, "ज्याले मत देलं त्याले वाट मांगा." त्या हरलेल्या उमेदवाराचा फोन लागला नाही. शेवटी शेजारच्या रत्नमालाबाई म्हणाल्या, "फिलिपभाऊ, बाईले कितीक वेळ पाण्यात ठेवसान? आमच्या वावरातून चाला, तुमच्या शेतात न्या." त्या बौद्ध आहेत. त्यांच्या उभ्या सोयाबीनमधून आम्ही पेटी नेली. पीक तुडवले गेले, त्याबद्दल त्यांनी कधी अक्षर काढले नाही.

माती झाल्यावर फादर माझ्याजवळ आले. "मी चांगल्यासाठीच केलं होतं हो," एवढेच म्हणाले आणि रडले. ते खरे बोलत होते. त्यामुळे मला अधिकच वाईट वाटले, कारण त्यांना वाईट म्हणून मोकळे होता येईना.

नीलिमा हे शेत घ्यायला नाखूश आहे. "बाबा, मी इकडून कशी सांभाळू?" असे तिने फोनवर विचारले. विनोदने शेताची रस्त्याकडची बाजू पक्षाच्या कार्यालयाला देण्याचे बोलून ठेवले आहे, असेही कानावर आले. म्हणून शेत तिच्याच नावे करतो. ती किती दिवस टिकवेल ते सांगता येत नाही.

३. बँकेत माझ्या नावे जे निघेल ते रत्नमालाबाईंना द्यावे. त्या नको म्हणतील. तरी द्यावे.

४. धर्मशिक्षणाचे तक्ते, गुंडाळून ठेवलेली चित्रे, प्रार्थनेची पुस्तके आणि पेटी, म्हणजे हार्मोनियम. हार्मोनियम ज्याला वाजवता येईल त्याने न्यावी. तक्ते कोणी मागितले तर द्यावेत. कोणी मागणार नाही असे वाटते. तसे झाले तर माझ्यासोबत पुरावेत. वाळवीला तरी उपयोगी पडतील.

५. ज्यांचे काही देणे-घेणे राहिले त्यांच्याविषयी. फादर लिओ यांना मी माफ केले आहे. त्यांची बदली झाली. भेटले तर सांगावे. कुंपण घालणाऱ्याला माफ करण्याचा प्रयत्न रोज करतो, रोज जमत नाही. हरलेल्या उमेदवाराबद्दल मला काही वाटत नाही, त्याला आमची नावेही ठाऊक नसतील.

फादर लिओ यांच्याविरुद्ध मी बिशप महोदयांकडे गेलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकले, चहा दिला आणि नवा फादर पाठवला. मला वाटले, सुटलो. नव्या फादर बेनेडिक्ट यांनी नाताळाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, निवडून आलेल्या साहेबांनाच बोलावले. वेदीसमोर खुर्ची टाकली, शाल दिली, आणि शुभवर्तमान वाचण्याच्या आधी साहेबांचे भाषण झाले. त्यांच्यामागे शाल धरून विनोद उभा होता. आता तो त्या पक्षात आहे. मी मिस्सा संपल्यावर फादरांना विचारले, "हे कायले?"

"वाट उघडायची आहे ना, काका?" ते म्हणाले.

कुंपण फोटोपुरते बाजूला झाले. नंतर तार पुन्हा ओढली.

आता टोलीत दोन तट आहेत. "एकमेकांना शांती द्या" असे फादर म्हणाले की माणसे आपल्याच बाजूला वळून हात जोडतात. मी मागे एकटा बसतो. माझ्याकडे कोणी वळत नाही, कारण मी कोणत्याच बाजूचा नाही. नीलिमाने तर चर्चच सोडले. "मी घरीच जपमाळ म्हणते, बाबा," असे सांगते. तिला चूक म्हणण्याचे बळ माझ्यात उरले नाही. मी मात्र मिस्सा चुकवत नाही. ख्रिस्त तिथे आहे हा विश्वास आहे. तिथे त्याचे कोणी ऐकते असे मला दिसत नाही.

६. माझी माती मोनिकाशेजारी द्यावी. विधी कॅथलिक रीतीनेच व्हावा. 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स लावू नये. माझ्या फोटोखाली पुढाऱ्यांचे फोटो मला नकोत. कोणी पुढारी आलाच तर त्याला हाकलू नये, चार लोकांत उभे राहू द्यावे, पण माईक, हार आणि खुर्ची देऊ नये. त्याला बोलू दिल्याशिवाय फादर विधी करत नसतील, तर विधी राहू द्यावा. नीलिमाने 'हे आमच्या स्वर्गीय पित्या' म्हणावे आणि माती लोटावी.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी नीलिमाने करावी.

साक्षीसाठी मी प्रथम माझ्या धर्मबंधूंकडे गेलो. एकाने विनोदचे नाव काढून दार लोटले. दुसऱ्याने, ज्याला त्याच्या लहानपणी मी स्वतः शिकवून पहिल्या परमप्रसादासाठी तयार केले होते, विचारले, "काका, हा कागद कोन्या बाजूचा हाय?" मी परत फिरलो.

मग गावातला राजपाल आणि अनसिंगचा रामकिसन, दोघेही टोलीबाहेरचे शेतकरी, तयार झाले. दोघांना यातून काही मिळत नाही. मी त्यांना सगळे वाचून दाखवले. रामकिसनने विचारले,

"फिलिपभाऊ, यानं काई बदलन काय?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग कायले लिहून राह्यले?"

"मी मेल्यावर माझं नाव कोनी आपल्या बाजूनं लावू नये म्हून."

त्याने पेन मागितला.

वरील मजकूर माझा आहे. दोन्ही साक्षीदारांसमक्ष मी सही केली आणि माझ्यासमक्ष त्यांनी केली.

फिलिप ग्यानबा सरकटे
(सही)

साक्षीदार
१. राजपाल सुखदेव इंगोले, धंदा शेती, राहणार सावळदरा (सही)
२. रामकिसन तुळशीराम गोटे, धंदा शेती, राहणार अनसिंग (सही)

स्थळ: वाशीम
राखेचा बुधवार, दिनांक १८ फेब्रुवारी २०२६